श्रीराम अभ्यंकरांचं काम पाऊण तासात सांगायचंय: काय घ्यावं, काय सोडावं?

बिंदुगामी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या गणित मंडळापुढे श्रीराम शंकर अभ्यंकरांवर पाऊण तासाचं व्याख्यान द्यायचं आहे. श्रोते टी.वाय. आणि एम.एस्सी. पहिल्या वर्षाचे. गट, वलय, फील्ड इतपत सगळ्यांना येतं; बैजिक भूमिती (बहुपदी समीकरणांनी बनणाऱ्या आकृत्यांची भूमिती) कुणीच शिकलेलं नाही. फळा आहे, प्रोजेक्टरही आहे.

अडचण अशी की मराठीत जे वाचायला मिळतं ते उज्जैनचा जन्म, हार्वर्डची पीएच.डी. आणि पर्ड्यूची प्राध्यापकी इथवर येऊन थांबतं. पुढे "सिंग्युलॅरिटीचं निराकरण केलं" असं एक वाक्य असतं आणि विषय संपतो. कशाचं निराकरण, ते अवघड का, आणि ‘कॅरॅक्टरिस्टिक प’ हे शब्द सारखे का येतात, हे पोरांना फळ्यावर दाखवता येईल का? हिशेब खरे हवेत, नुसती चित्रं नकोत. आणि चरित्राला किती वेळ द्यावा?

---

चक्रवाल

चरित्राला सात मिनिटं पुरेत, पण त्यातले दुवे असे लावा की पुढचं गणित त्यातूनच निघेल.

जन्म २२ जुलै १९३०, उज्जैन. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ ला बी.एस्सी., लगेच हार्वर्ड, तिथे १९५२ ला एम.ए. आणि १९५५ ला ऑस्कर झारिस्कींच्या हाताखाली पीएच.डी. इथे झारिस्कींवर एक मिनिट थांबा, कारण प्रबंधाचा विषय कुठून आला ते त्याशिवाय कळत नाही. झारिस्की रोममध्ये कास्तेलनुओव्हो, एन्रिकेस, सेव्हेरी या इटालियन भूमितिकारांच्या तालमीत तयार झाले. पृष्ठांवरचे त्यांचे सिद्धांत सुंदर होते, पण सिद्धतांत भोकं होती. १९३५ ला पृष्ठांवरचं पुस्तक लिहिताना ती भोकं झारिस्कींना नीट दिसली आणि पुढची वर्षं त्यांनी हा सगळा विषय वलयं, आदर्श आणि व्हॅल्युएशन यांच्या पायावर नव्याने उभा केला. १९३९ मध्ये पृष्ठांचं आणि १९४४ मध्ये त्रिमितीय आकृत्यांचं निराकरण (टोकं, छेद असे सिंग्युलर बिंदू काढून आकृती गुळगुळीत करणं) त्यांनी केलं, पण दोन्ही कॅरॅक्टरिस्टिक शून्यात, म्हणजे १ कितीही वेळा मिळवला तरी ० येत नाही अशा फील्डवर. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये वक्रांच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. ते पृष्ठांसाठी करून दाखवलं अभ्यंकरांनी, आपल्या प्रबंधात. १९५६ ला ते ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आलं.

मग कोलंबिया, कॉर्नेल, प्रिन्स्टन, जॉन्स हॉपकिन्स असे टप्पे, आणि १९६३ पासून पर्ड्यू. १९६७ पासून तिथे मार्शल डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर. पुढे त्याच विद्यापीठात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सचेही प्राध्यापक. १९७६ ला पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. १९७८ ला गणितावरच्या उत्तम लेखनाचं शोव्हने पारितोषिक. २ नोव्हेंबर २०१२ ला वेस्ट लाफायेटमध्ये निधन, तोवर पर्ड्यूतच.

पदांची यादी स्लाइडवर टाका, वाचून दाखवू नका. तुमच्या व्याख्यानाचा कणा एकच असू द्या: हा माणूस बहुपदी आणि घातश्रेणी हाताने सोडवत राहिला, आणि प ने भागता येत नाही तिथे नेमकं काय मोडतं हे आयुष्यभर शोधत राहिला. प्रबंध, विद्यार्थी मो यांच्याबरोबरचा प्रतलातल्या रेषांवरचा सिद्धांत, १९५७ चं आवरणांवरचं अनुमान, सगळं याच एका धाग्यात ओवता येतं.

---

घातश्रेणी

फळ्यावरचा भाग मी सांगतो. घातासाठी ^ वापरतोय. क्ष, य ही चलं आणि प म्हणजे मूळ संख्या. कॅरॅक्टरिस्टिक प म्हणजे ज्या फील्डमध्ये १ प वेळा मिळवला की ० येतो.

पहिला हिशेब: य^२ = क्ष^३. आरंभबिंदूपाशी वक्राला टोक आहे, दोन्ही आंशिक विकलज शून्य. ब्लो-अप म्हणजे य = क्ष·य₁ असं ठेवायचं. मिळतं क्ष^२·य₁^२ = क्ष^३, म्हणजे क्ष^२(य₁^२ − क्ष) = ०. यातला क्ष^२ हा अवयव नवी आलेली रेषा (क्ष = ०) दाखवतो, ती दोनदा धरलेली; कंसातला भाग हा आपला वक्र. य₁^२ = क्ष हा साधा पॅराबोला, टोक गेलं.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो, तिन्ही फळ्यावर दाखवा.

क्ष^२ "खोडून" टाकतात आणि ती रेषा विसरतात. ती रेषा म्हणजे मूळ बिंदूतून जाणाऱ्या सगळ्या दिशा. तिला टाकलं तर आपण नुसतं चल बदललं, बिंदू फोडला नाही.

य = क्ष·य₁ मध्ये उभी दिशा सुटते. म्हणून दुसरीकडून क्ष = य·क्ष₁ ठेवूनही बघायचं: य^२ = य^३·क्ष₁^३, म्हणजे १ = य·क्ष₁^३. य = ० ठेवलं की १ = ०, म्हणजे तिकडे वक्राचा बिंदूच नाही. हे तपासल्याशिवाय "निराकरण झालं" म्हणायचं नाही.

आणि पॅराबोला गुळगुळीत झाला तरी तो नव्या रेषेला स्पर्श करतो, छेदत नाही. वक्र आणि आलेल्या रेषा एकमेकांना स्वच्छ छेदायला हव्या असतील, एका बिंदूत दोनाहून जास्त नकोत, तर अजून दोन ब्लो-अप लागतात, एकूण तीन. अभ्यंकरांचं बरंचसं काम या कडक मागणीचं आहे.

लगेच दुसरं उदाहरण द्या, य^२ = क्ष^२(क्ष + १). तीच युक्ती: य₁^२ = क्ष + १, आणि क्ष = ० वर य₁ = १ आणि य₁ = −१ असे दोन बिंदू. एकमेकींना छेदणाऱ्या दोन फांद्या सुट्या झाल्या. (कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये १ आणि −१ एकच, तिथे हे उदाहरण देऊ नका.)

आता प कुठे आडवा येतो. न्यूटनची रीत सगळ्यांनी ऐकलेली असते: य ची क्ष मधली बहुपदी घ्या, तिची मुळं क्ष च्या अपूर्णांकी घातांच्या श्रेणीत मिळतात आणि सगळ्या घातांकांना एक सामाईक छेद असतो. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये हे घ्या:

य^प − य = १/क्ष

पहिलं पद क्ष^(−१/प) असायलाच हवं. ते काढून उरलेल्याला झ म्हणा. झ^प − झ = क्ष^(−१/प). पुन्हा तेच समीकरण! दुसरं पद क्ष^(−१/प^२), तिसरं क्ष^(−१/प^३), असं चालूच. मूळ मिळतं ते सगळ्या पदांची बेरीज, पण छेद प, प^२, प^३ असे वाढत जातात, सामाईक छेद कधीच सापडत नाही. शिवाय घातांक शून्याकडे सरकतात पण शून्याला पोचतही नाहीत. न्यूटनची रीत इथे संपते. हा मुद्दा अभ्यंकरांनी १९५६ च्या एका छोट्या टिपणात मांडला आहे. ताळा पोरांकडून करून घ्या: कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये बेरजेचा प-वा घात म्हणजे प-व्या घातांची बेरीज, म्हणून य^प ही श्रेणी एक पाऊल मागे सरकते आणि वजा केल्यावर फक्त १/क्ष उरतो. दोन मिनिटांचं काम.

दुसरी मोडतोड त्याहून जुनी आणि आपल्या शाळेतली. वर्गसमीकरण सोडवताना श्रीधराचार्यांची रीत: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, मूळ घ्या. भास्कराचार्यांनी ‘बीजगणितात’ ती श्रीधराचार्यांच्या नावानिशी दिली आहे, आणि अभ्यंकर आपल्या लेखनात ती आवर्जून सांगत. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये ४ = ०. गुणलं की दोन्ही बाजू शून्य, हाती काहीच नाही. न घाताच्या समीकरणात दुसरं पद घालवायचं तर त्याच्या सहगुणकाला न ने भागावं लागतं. न ला प ने भाग जात असेल तर तेही बंद. निराकरणाच्या जवळजवळ प्रत्येक सिद्धतेत हे एक पाऊल असतंच, आणि तेच इथे टाकता येत नाही.

---

बिंदुगामी

घातश्रेणी, य^प − य = १/क्ष हे मी नक्की घेतो. दोन शंका. एक, हिरोनाकांनी १९६४ ला सगळ्या मितींचं निराकरण केलं म्हणतात, मग कॅरॅक्टरिस्टिक प मधल्या त्रिमितीय निराकरणावरच्या अभ्यंकरांच्या १९६६ च्या पुस्तकात नवं काय उरलं? दोन, "प > ५" ही अट सगळीकडे दिसते, ती कुठून आली? ५ मध्ये असं काय आहे?

---

चक्रवाल

हिरोनाकांचा सिद्धांत कॅरॅक्टरिस्टिक शून्याचा. तिथे सगळ्या मिती सुटल्या, १९७० ला त्यांना फील्ड्स पदक मिळालं. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये त्या सिद्धांताचा उपयोग होत नाही, कारण घातश्रेणींनी सांगितलेलं दुसरं पद घालवायचं पाऊल त्यात गाभ्याशी आहे. ते पद गेलं की य = ० हे एक गुळगुळीत पृष्ठ हाती लागतं. न मल्टिप्लिसिटीचे (म्हणजे बिंदूपाशी समीकरणातल्या सर्वांत कमी घाताच्या पदाचा घात न असलेले) जवळपासचे सगळे बिंदू त्याच्यावर असतात आणि ब्लो-अप केल्यावरही त्याच्यावरच राहतात. मग प्रश्न एका मितीने खाली येतो आणि विगमन चालतं.

प मध्ये असं पृष्ठ असेलच असं नाही. आर. नरसिंहन यांचं १९८३ चं उदाहरण फळ्यावर तपासता येतं. कॅरॅक्टरिस्टिक २, चार चलं:

क्ष^२ + य·झ^३ + झ·व^३ + य^७·व = ०

क्ष = ट^३२, य = ट^७, झ = ट^१९, व = ट^१५ ठेवा. चारही पदं ट^६४ येतात, चार सारखी पदं मिळवली की २ मध्ये शून्य. आंशिक विकलजही बघा: क्ष चा आपोआप शून्य; य चा झ^३ + य^६·व = ट^५७ + ट^५७ = ०; झ चा य·झ^२ + व^३ = ट^४५ + ट^४५ = ०; व चा झ·व^२ + य^७ = ट^४९ + ट^४९ = ०. म्हणजे हा अख्खा वक्र सिंग्युलर बिंदूंचा. आता ७, १५, १९, ३२ यांतली कुठलीही संख्या बाकीच्यांच्या बेरजांतून (हवी ती तितक्या वेळा घेऊन) बनत नाही. एखादं गुळगुळीत पृष्ठ या वक्राला पोटात घेत असतं तर तशी एक तरी बनली असती. म्हणून एका मितीने खाली उतरायची वाटच नाही.

आता ५. मिती म असेल तर आकृतीचं असं रूप निवडता येतं की सगळ्या बिंदूंची मल्टिप्लिसिटी म! पेक्षा जास्त नसेल. ही आल्बानीज यांची प्रक्षेपाची जुनी रीत, अभ्यंकरांनी ती पुन्हा वापरात आणली. तीन मितींत ३! = ६. प जर ६ पेक्षा मोठा असेल तर समोर येणाऱ्या कुठल्याही न ला प भागूच शकत नाही, भागाकार बिनधास्त करता येतो. उरतात २, ३, ५. म्हणून प > ५. पाचात गूढ काही नाही, सहाच्या आतल्या मूळ संख्या एवढंच. २, ३, ५ साठी त्रिमितीय निराकरण पूर्ण व्हायला कोसार आणि पिल्तां यांच्या २००८–०९ च्या कामापर्यंत थांबावं लागलं. डी योंग यांनी १९९६ ला दाखवलेला मार्ग सगळ्या मितींत चालतो, पण त्यात मूळ आकृतीऐवजी तिच्यावर अनेक पदरांनी पसरलेली दुसरी आकृती गुळगुळीत मिळते. ते निराकरण नव्हे. श्रोते हे दोन हमखास एकत्र करतात.

१९६६ चं पुस्तक दाखवायला न्या, त्यातली पानं समजावायला जाऊ नका. ते सलग हिशेबांचं पुस्तक आहे, एम.एस्सी.च्या मुलांना त्यातून काहीही हाती लागणार नाही.

---

सरळरेषा

मो यांच्याबरोबरचा सिद्धांत वगळू नका. विधान दोन ओळींचं आणि उदाहरण हाताने तपासण्याजोगं, असे सिद्धांत या विषयात फार नाहीत.

टी. टी. मो अभ्यंकरांचेच विद्यार्थी. १९७५ चा निकाल: कॅरॅक्टरिस्टिक शून्यात दोन बहुपदी क्ष(ट) आणि य(ट) अशा घ्या की क्ष आणि य यांच्यापासून बेरीज-गुणाकाराने खुद्द ट परत मिळवता येईल. मग एकीच्या कोटीने दुसरीच्या कोटीला पूर्ण भाग जातोच. भूमितीच्या भाषेत: प्रतलात बसवलेली रेषा कितीही वळणावळणाची असली तरी बहुपदी-बदलांनी ती सरळ करता येते.

होकारार्थी उदाहरण: क्ष = ट^२, य = ट + ट^४. ट = य − क्ष^२, कोट्या २ आणि ४, भाग जातो. नकारार्थी: क्ष = ट^२, य = ट^३. कोट्यांना भाग जात नाही, आणि ट परत मिळतही नाही. हा वरचाच टोकवाला वक्र.

आता कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये क्ष = ट^४, य = ट + ट^६ घ्या. य^२ = ट^२ + ट^१२ = ट^२ + क्ष^३. म्हणून ट^२ = य^२ + क्ष^३ (२ मध्ये अधिक-वजा सारखंच). त्याचा घन ट^६, आणि ट = य + (य^२ + क्ष^३)^३. ट परत मिळाला! पण कोट्या ४ आणि ६, कुणीच कुणाला भागत नाही. सिद्धांत कोलमडला. पोरांना आधी विधान सांगा, मग हे उदाहरण न सांगता त्यांनाच ट शोधायला लावा. य चा वर्ग करून बघा एवढी सूचना पुरते.

सिद्धतेत ‘अप्रॉक्सिमेट रूट्स’ हे हत्यार आहे. न घाताच्या बहुपदीचं ड-वं "मूळ" शक्य तितकं जवळ जाणाऱ्या बहुपदीने घ्यायचं, ड ने न ला भाग जात असेल तर. श्रीधराचार्यांच्या रीतीचीच ही वाढ, आणि ड ने भागायचं असल्यामुळे प ने ड ला भाग गेला की ठप्प. एवढं सांगून पुढे व्हा, सिद्धता ४५ मिनिटांत बसत नाही.

जेकोबियन अनुमानावर प्रश्न येईलच. दोन चलांतल्या दोन बहुपदी, त्यांचा जेकोबियन (आंशिक विकलजांचा निश्चयक) शून्येतर स्थिरांक, तर उलट फलनही बहुपदीच का? केलर यांनी १९३९ ला विचारलं. हा प्रश्न लोकांपुढे ठेवण्यात अभ्यंकरांचा मोठा वाटा आहे; १९७० च्या दशकात पर्ड्यू आणि मुंबईच्या टाटा संस्थेतल्या व्याख्यानांत त्यांनी घातश्रेणींच्या रीतीने त्यावर बरंच बांधकाम केलं. मो यांनी १९८३ ला कोटी १०० पर्यंत तपासून दाखवलं. दोन चलांचा प्रश्न अभ्यंकरांच्या हयातीत सुटला नाही. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये मात्र एका चलातच खोटा ठरतो: क्ष + क्ष^प चा विकलज १, पण प वेगवेगळ्या जागी किंमत ० येऊ शकते. सावधगिरी एकच: या अनुमानाच्या चुकीच्या सिद्धता नियमित येतात, तेव्हा "अलीकडे सुटलं" असं कुणी म्हटलं तर व्यासपीठावरून मान डोलवू नका.

---

पाचवा_घात

माझ्या मते सगळ्यात देखणं काम १९५७ चं. ‘आवरणं’ (एका आकृतीवर अनेक पदरांनी पसरलेल्या दुसऱ्या आकृती) या शब्दाने घाबरू नका, विकलजाने सगळं होतं.

संमिश्र संख्यांच्या प्रतलावर (म्हणजे बैजिक रेषेवर) क्षुल्लक सोडून एकही अखंड आवरण नाही, ज्यात कुठेच दोन पदर एकत्र येत नाहीत असं. टोपॉलॉजीत शिकलेलं असतं, प्रतल सिम्पली कनेक्टेड. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये य^प − य = क्ष लिहा. य ने विकलज घ्या: −१. कधीच शून्य नाही, म्हणजे कुठल्याही क्ष ला प मुळं वेगवेगळीच. झालं की प पदरांचं अखंड आवरण!

अभ्यंकरांनी विचारलं, अशा आवरणांचे गाल्वा गट (पदरांच्या अदलाबदलींचे गट) कुठले कुठले मिळतात? हे समीकरण घ्या, प चा एखादा घात क आणि प ने भाग न जाणारा त:

य^(क+त) − क्ष·य^त + १ = ०

म्हणजे य^त·(य^क − क्ष) + १ = ०. य ने विकलज (क आणि प चे गुणक गळून जातात): त·य^(त−१)·(य^क − क्ष). हा शून्य झाला तर डावी बाजू १ उरते, शून्य होऊच शकत नाही. दोन ओळींत सिद्ध, कुठेही पदर जुळत नाहीत. प = २, क = ४, त = १ ठेवा: य^५ + क्ष·य + १ = ०. याचा गाल्वा गट पाच वस्तूंचा अल्टरनेटिंग गट, ६० घटकांचा. ज्या रेषेवर संमिश्र संख्यांत काहीच नव्हतं तिथे असा गट येऊन बसतो.

१९५७ च्या ‘आवरणं’ लेखात अनुमान आलं: बैजिक रेषेवर गट ग मिळतो तेव्हा आणि तेव्हाच, जेव्हा ग हा त्याच्या प-सायलो उपगटांनी (घटकसंख्या प चा शक्य तितका मोठा घात असलेल्या उपगटांनी) जनित असतो. "तेव्हाच" ही बाजू सोपी आहे, तेवढी करून दाखवा. ग तसा नसेल तर त्याचा एकाहून जास्त घटकांचा एक भागगट असा मिळतो ज्याच्या घटकसंख्येला प ने भाग जात नाही, आणि मग न पदरांचं (न ≥ २) असं आवरण मिळतं ज्यात गडबड फक्त अनंताशी आणि तीही सौम्य. हुर्विट्झचं सूत्र (जीनस म्हणजे वक्राच्या ‘भोकांची’ संख्या, ती कधीच ऋण नसते): २·जीनस − २ ≤ −२न + (न − १) = −न − १. उजवी बाजू −३ किंवा त्याहून कमी, डावी किमान −२. अशक्य. उदाहरणार्थ तीन वस्तूंचा सममित गट प = २ ला चालतो (अदलाबदलींनी जनित), प = ३ ला चालत नाही.

दुसरी बाजू ३७ वर्षं थांबली. १९९४ ला मिशेल रेनो यांनी रेषेसाठी आणि डेव्हिड हार्बेटर यांनी सगळ्या अफाइन वक्रांसाठी सिद्ध केलं. १९९५ चं कोल पारितोषिक दोघांना मिळून. मधल्या काळात, १९८८ च्या सुमारास, फ्रेंच गणिती झां-पिएर सेर यांनी पत्रांतून विचारलं की तुमच्या त्या जुन्या समीकरणांचे गट नेमके कुठले? अभ्यंकर पुन्हा ती समीकरणं घेऊन बसले आणि त्यांतून अल्टरनेटिंग गट, मॅथ्यू गट असं भांडारच बाहेर काढलं. १९९२ चा तो लेख त्यांनी वॉल्टर फाइट, सेर आणि ई-मेल यांना अर्पण केला आहे. साठी ओलांडलेला गणिती आपल्याच पस्तीस वर्षं जुन्या समीकरणाकडे परततो आणि त्यातून सांत गटांचा नवा प्रांत उघडतो, हे मुलांपर्यंत पोचायला हवं. त्यासाठी दहा मिनिटं ठेवा, जेकोबियन दोन मिनिटांत आटोपलं तरी चालेल.

---

घातश्रेणी

इंजिनिअरिंगची दोन-चार मुलं असतील तर एक भर. अभ्यंकर कॉम्प्युटर सायन्सकडे गेले ते याच हिशेबांतून: चंद्रजित बजाज यांच्याबरोबर त्यांनी वक्र आणि पृष्ठांना आपोआप प्राचल देण्याच्या (म्हणजे क्ष, य वगैरे ट सारख्या मुक्त चलांत लिहिण्याच्या) रीती १९८७–८८ ला छापल्या, संगणकावर आकृत्या काढायला त्या लागतात. वक्राला परिमेय प्राचल देता येतं का याची कसोटी जीनस ० असणं. कोटी ड असेल तर (ड−१)(ड−२)/२ मधून प्रत्येक सिंग्युलर बिंदूसाठी म(म−१)/२ वजा करा, म ही मल्टिप्लिसिटी.

घोटाळा कुठे होतो ते य^२ = क्ष^५ वर बघा. कोटी ५, म्हणजे ६ पासून सुरुवात. आरंभबिंदूशी म = २, वजा १. उरले ५, जीनस ५? पण क्ष = ट^२, य = ट^५ हे प्राचल तर समोर दिसतंय. हिशेबात दोन गोष्टी राहिल्या. ब्लो-अप केल्यावर य₁^२ = क्ष^३, अजून २ मल्टिप्लिसिटीचा बिंदू आहे; तोही मोजायचा, वजा १. आणि अनंताशी: झ ने समघाती करा, झ^३·य^२ = क्ष^५, य = १ ठेवा, झ^३ = क्ष^५. म = ३, वजा ३. ब्लो-अप: झ₁^३ = क्ष^२, म = २, वजा १. पुढचा ब्लो-अप गुळगुळीत. एकूण १ + १ + ३ + १ = ६, जीनस ०. ब्लो-अपनंतर उगवणारे बिंदू आणि अनंताशी लपलेले बिंदू, यांपैकी एक जरी सुटला तरी उत्तर चुकतं आणि प्रोग्राम "प्राचल नाही" म्हणून थांबतो.

---

बिंदुगामी

सगळ्यांचे आभार, आता साहित्य जास्त झालं! ब्लो-अप, य^प − य = १/क्ष, कॅरॅक्टरिस्टिक २ मधली वाकडी रेषा आणि आवरणं एवढं धरतो; नरसिंहन आणि जीनस प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवतो. मुलांना घरी वाचायला काय सांगू? आणि पुण्याच्या प्रतिष्ठानबद्दल किती बोलावं?

---

चक्रवाल

वाचायला आधी १९७६ चा ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मधला त्यांचा ऐतिहासिक भटकंतीचा लेख, शोव्हने पारितोषिक त्याच लेखाला आहे. त्यात ते बीजगणिताचे तीन थर पाडतात: शाळेतलं (बहुपदी, घातश्रेणी), कॉलेजातलं (वलयं, फील्ड, आदर्श) आणि विद्यापीठातलं (फंक्टर वगैरे), आणि पहिल्या थराची ताकद लोक विसरलेत असं हिरिरीने मांडतात. आंद्रे वेइल यांनी १९४६ ला एलिमिनेशन थिअरीचे (समीकरणांतून चलं काढून टाकण्याच्या रीतींचे) शेवटचे अवशेषही काढून टाकल्याचं लिहिलं होतं, त्यावर अभ्यंकरांनी कवितेत उत्तर दिलं: काढून टाकायचं तर काढून टाकणाऱ्यांनाच काढा. त्यानंतर १९९० चं शास्त्रज्ञ-अभियंत्यांसाठीचं बैजिक भूमितीचं पुस्तक, व्याख्यानांच्या बोलीत लिहिलेलं. टी.वाय.च्या मुलाला त्याची पहिली काही प्रकरणं जमतात, फक्त हातात पेन्सिल हवी. स्कीमवरच्या (म्हणजे अमूर्त भाषेतल्या बैजिक भूमितीच्या) पाठ्यपुस्तकाने सुरुवात करू नये. शंभर पानं वाचूनही एक वक्र ब्लो-अप करता येत नाही असं होतं.

प्रतिष्ठानवर दोन मिनिटं अवश्य बोला. एरंडवण्यात, दामले पथावर आहे. संशोधन, ‘बोना मॅथेमॅटिका’ हे नियतकालिक, आणि महाराष्ट्र-गोवा विभागातल्या ऑलिंपियाडच्या मुलांची तयारी ही कामं तिथून झाली. शिष्यांत अविनाश साठे (१९७३, पुढे केंटकी विद्यापीठ) आणि सुधीर घोरपडे (१९८९, पुढे आय.आय.टी. मुंबई) ही नावं मुलांना ओळखीची वाटतील.

फळ्याची एक सूचना: य^प − य = १/क्ष हे डाव्या कोपऱ्यात लिहून शेवटपर्यंत पुसू नका. आवरणांपाशी आलात की त्याच्याशेजारी य^प − य = क्ष लिहा आणि विचारा, दोन्हींत फरक काय? पहिल्याची गडबड क्ष = ० पाशी, दुसऱ्याची अनंताशी; क्ष च्या जागी १/क्ष ठेवलं की एकाचं दुसरं होतं. न्यूटनची रीत मोडणारं समीकरण आणि रेषेवर आवरण देणारं समीकरण एकच आहे, हे त्यांना स्वतःला दिसू द्या.